दुर्गाबाई : ग्रंथालय आणि स्वयंपाकघर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सांगितले की शाळेच्या आठवणींवरच लिहायला हवे असे नाही, एखाद्या व्यक्तीवर लिहिले तरी चालेल. मला बरेच वाटले. आठवणी लिहिणारे आपल्या बॅचमध्ये माझ्यापेक्षा चांगले आहेत. सरांच्या छड्या, बाईंच्या वह्या आणि मधल्या सुट्टीतले उद्योग त्यांच्या हाती सुरक्षित आहेत. म्हणून मी एक व्यक्ती निवडली. ती आपल्या भिवंडीची नाही आणि आपल्या शाळेशी तिचा काही संबंध नाही. पण तिची गोष्ट आपल्याला, विशेषतः आपल्या आयांना आणि आपल्यातल्या मुलींना लागू पडते असे मला वाटते.

ही व्यक्ती म्हणजे दुर्गा भागवत. आपल्याला त्या बहुधा दोन कारणांनी माहीत असतात. एक म्हणजे ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिका म्हणून आणि दुसरे म्हणजे आणीबाणीत तुरुंगात गेलेल्या साहित्य संमेलनाध्यक्षा म्हणून. माझे कारण तिसरे आहे. जन्मभर ग्रंथालयात बसून संस्कृत, पाली, लोकसाहित्य आणि समाजशास्त्र यांचा अभ्यास करणाऱ्या या बाईंनी खाण्यापिण्यावर एक पुस्तक लिहिले. त्याचे नाव ‘खमंग’. इतक्या मोठ्या विदुषीने स्वयंपाकावर का लिहावे, हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्यासाठी हा लेख आहे.

दुर्गाबाईंचा जन्म १० फेब्रुवारी १९१० चा, इंदूरचा. घर शिकलेले होते. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगळुरूच्या टाटा विज्ञान संस्थेचे जुने विद्यार्थी. मुलींनी शिकायचे की नाही हा त्या घरात वादाचा विषय नव्हता, आणि त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. दुर्गाबाईंचे शालेय शिक्षण वेगवेगळ्या गावी झाले आणि पुढचे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात. मध्येच गांधीजींच्या चळवळीचे वारे आले तेव्हा त्यांनी काही काळ कॉलेज सोडले, मग परत येऊन बी. ए. आणि एम. ए. पूर्ण केले. एम. ए. साठी त्यांनी प्राचीन बौद्ध संघाच्या न्यायव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि पुढे तो इंग्रजीत पुस्तकरूपाने आला. भिक्षू आणि भिक्षुणींनी चूक केली तर तिचा निवाडा कसा करायचा, याचे नियम पाली ग्रंथांत दिलेले आहेत. त्या नियमांत भिक्षेचे, जेवणाच्या वेळेचे, काय घ्यावे आणि काय घेऊ नये याचेही नियम येतात. म्हणजे अभ्यासाच्या पहिल्या पायरीवरच ताट आणि कायदा त्यांना एका ठिकाणी भेटले होते.

पीएच. डी. साठी त्यांनी मध्य प्रांतातले गोंड आदिवासी निवडले. आज आपण शनिवार-रविवारी जंगलात जातो तसे ते जाणे नव्हते. १९३० च्या दशकाच्या अखेरीचा तो काळ. एकटी, अविवाहित, शहरात वाढलेली तरुण बाई रानातल्या वस्त्यांवरून फिरते, तिथल्या बायकांत बसते, गाणी आणि कथा टिपून घेते, हे दृश्य घरच्यांना आणि दारच्यांना दोघांनाही नवे होते. अशा कामात माणूस बाहेरचा राहून चालत नाही. वस्तीवर जे शिजते ते खावे लागते. कोदो-कुटकीची पेज, मोहाची फुले, रानातली फळे, रानातले कंद. लोकांबरोबर जेवल्याशिवाय ते आपली गोष्ट सांगत नाहीत, हे लोकसाहित्याच्या प्रत्येक अभ्यासकाला पहिल्या आठवड्यातच कळते.

त्या फिरतीत दुर्गाबाईंच्या खाण्यात विषारी सुरण आला.

सुरण आपल्या ओळखीचा आहे. आपल्या घरांतही तो चिरताना हाताला तेल लावतात आणि शिजवताना चिंच किंवा आमसूल टाकतात. आपण म्हणतो की सुरण खाजरा असतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, ते जिभेला आणि घशाला टोचतात. आंबट घातले की खाज कमी होते. रानातल्या जाती बागेतल्यापेक्षा कितीतरी उग्र असतात आणि रानातली माणसे काही कंद वाहत्या पाण्यात ठेवतात, पुन्हा पुन्हा उकळतात आणि मगच खातात. कोणता कंद किती वेळा धुवायचा हे ज्ञान कुठल्याही ग्रंथात नव्हते. ते त्या बायकांच्या हातात होते. पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी चाखून, आजारी पडून, प्रसंगी जीव गमावून ते मिळवलेले होते. दुर्गाबाईंना त्याची किंमत आपल्या शरीराने मोजावी लागली.

त्या आजारातून उठायला त्यांना सुमारे सहा वर्षे लागली. पीएच. डी. मागे पडली ती कायमचीच. सहा वर्षे म्हणजे आपल्या पाचवी ते दहावी. उमेदीची ही वर्षे अंथरुणावर आणि खिडकीशी गेली. ज्या बाईला अरण्यात भटकायचे होते तिच्या वाट्याला खिडकीतून दिसेल तेवढे आकाश आणि दिसतील तेवढी झाडे आली. मग त्या तेवढेच पाहू लागल्या, पण असे पाहू लागल्या की त्यातून पुढे ‘ऋतुचक्र’ उभे राहिले. १९५६ साली ते पुस्तक आले. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिने आणि त्या महिन्यांत बदलणारी झाडे, फुले, पाखरे, आभाळ. मराठी महिन्यांची नावे आपण पंचांगापुरती ठेवली होती, ती त्यांनी पुन्हा मातीवर आणून ठेवली. आपण ते पुस्तक निसर्गवर्णन म्हणून वाचतो. पण त्याच्यामागे सहा वर्षांचे आजारपण आहे आणि त्या आजारपणामागे एक सुरणाचा घास आहे, हे कळल्यावर मी ते पुन्हा वाचायला घेतले आणि मला ते निराळेच वाटले.

पदवी राहिली तरी अभ्यास राहिला नाही. काही काळ त्यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत समाजशास्त्राच्या विभागाचे काम पाहिले, पण त्यांचे खरे विद्यापीठ मुंबईत होते. फोर्टमधला टाऊन हॉल आपल्यापैकी अनेकांनी निदान सिनेमांत तरी पाहिला असेल. १८३३ साली बांधून झालेली इमारत, समोर जाडजूड खांब आणि रस्त्यापासून वर जाणाऱ्या ३० पायऱ्या. तिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. या संस्थेची सुरुवात १८०४ मधली. भिवंडीहून जायचे तर एसटीने कल्याण किंवा ठाणे, तिथून लोकलने सीएसएमटी आणि पुढे पायी पंधरा-वीस मिनिटे. दुर्गाबाई कित्येक दशके त्या पायऱ्या चढत राहिल्या. पगार नाही, पद नाही, खोलीवर पाटी नाही. एक टेबल, एक खुर्ची आणि मागितले की समोर येणारे पुस्तक.

तिथे बसून त्यांनी केलेल्या कामाची यादी फार मोठी आहे, सगळी देत नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ हे त्या विषयाचे मराठीतले पायाभूत पुस्तक. महाभारतातल्या व्यक्तींवरचे ‘व्यासपर्व’. भारतीय कोड्यांवर आणि उखाण्यांवर इंग्रजीतला एक ग्रंथ. निरनिराळ्या प्रांतांच्या लोककथांचे संग्रह. जातककथांचे मराठी अनुवाद. अमेरिकेतल्या थोरोच्या ‘वॉल्डन’चा अनुवाद ‘वॉल्डनकाठी विचारविहार’. ‘पैस’ या ललित लेखसंग्रहाला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिवाय त्या भरतकाम, विणकाम करत आणि स्वयंपाक उत्तम करत. हे मी शेवटी जोडलेले शेपूट नाही. त्यांच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या हाताच्या चवीचा उल्लेख करतात, आणि विद्वत्तेचा गौरव झाल्यावर हळूच जोडलेली एक घरगुती गोष्ट असा त्याचा सूर असतो. मला तो सूर पटत नाही. त्यांच्या कामाकडे नीट पाहिले तर स्वयंपाक त्या कामाच्या आतच आहे.

एक उदाहरण देते. ते त्यांचे नाही, माझे आहे, पण पाहण्याची रीत त्यांच्याकडून घेतलेली आहे. भाद्रपदात ऋषिपंचमीला आपल्या आया एक भाजी करतात. अळू, माठ, भेंडी, पडवळ, मक्याची कणसे आणि बहुतेक घरांत सुरण. अट एकच की बैलाच्या श्रमाचे त्या दिवशी खायचे नाही. परसात, कुंपणाला, माणसाच्या हाताने लावलेले किंवा आपोआप उगवलेले तेवढेच घ्यायचे. लहानपणी आपल्याला ती एक बेचव भाजी वाटायची. पण लोकसाहित्याचा अभ्यासक त्या पातेल्यात काय पाहील? नांगर येण्याच्या आधी माणूस काय खात होता याची आठवण. ती आठवण कुणी दगडावर कोरली नाही, ताम्रपटावर लिहिली नाही. वर्षातून एकदा ती शिजवली गेली आणि आईने मुलीला ती दिली. आपल्या घरातल्या ज्या बाईला सही करता येत नव्हती तिच्याकडे हा ताम्रपट होता. ओवी, कहाणी, उखाणा, नैवेद्य, डोहाळजेवणाचे पदार्थ, बाळंतिणीचा खुराक, शितळा सप्तमीला खायचे आदल्या दिवशीचे शिळे अन्न, हे सगळे एकाच वहीची पाने आहेत, फक्त ती वही कागदाची नाही. लोकसाहित्य हे अडाणी लोकांचे मनोरंजन नसून समाजाचे ज्ञान आहे, या विश्वासावर दुर्गाबाईंचे सगळे आयुष्य उभे होते. तो विश्वास खरा धरला तर स्वयंपाक त्यातून वगळता येत नाही.

या घराण्याची आणखी एक गंमत सांगायला हवी. दुर्गाबाईंची धाकटी बहीण कमला, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी. १९३३ साली बंगळुरूच्या त्याच विज्ञान संस्थेत, जिथे वडील आणि काका शिकले होते, त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला. नाकारणारे साक्षात सर सी. व्ही. रामन. कमलाबाई तिथे ठाण मांडून बसल्या आणि अटींवर का होईना, प्रवेश मिळवला. काम काय केले? दूध आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर. नंतर केंब्रिजला बटाट्यावर काम करता करता त्यांना वनस्पतींत सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारे द्रव्य सापडले आणि १९३९ साली तिथून पीएच. डी. मिळाली. विज्ञानात केंब्रिजची पीएच. डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. परत आल्यावर त्यांनी गरिबाच्या ताटाचा अभ्यास केला. डाळी, हातसडीच्या तांदळाचे पीठ आणि नीरा. कुपोषित मुलांना नीरा दिली तर काय फरक पडतो यावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मराठीत त्यांनी ‘आहारगाथा’ लिहिले. मुंबईतल्या ग्राहक चळवळीत त्यांनी भेसळीविरुद्ध काम केले.

एका घरातल्या दोन बहिणी. एक प्रयोगशाळेत, एक ग्रंथालयात. एकीने अन्न परीक्षानळीत पाहिले, दुसरीने ते गाण्यात आणि सणात पाहिले. धाकटीला केंब्रिजची पदवी मिळाली, थोरलीची पदवी सुरणाने घालवली. पण दोघींनीही ज्या गोष्टीला बाकीचे बायकांचे काम म्हणून बाजूला सारतात तिला विद्येच्या टेबलावर आणून ठेवले.

आता ती १९७५-७६ ची गोष्ट, कारण तिच्याशिवाय दुर्गाबाईंचे चरित्र होत नाही. आपल्या जन्माआधीची आहे, पण आपल्या शिक्षकांना ती नीट आठवत असेल. जून १९७५ मध्ये आणीबाणी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात कराडला ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष दुर्गाबाई. कुसुमावती देशपांडे यांच्यानंतर त्या पदावर आलेल्या त्या दुसऱ्या महिला. स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश नारायण तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, बोलणाऱ्यांना तुरुंग आणि सभामंडपात केंद्र सरकारचे मंत्री. अशा ठिकाणी दुर्गाबाईंनी जमलेल्या लोकांना जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला उभे केले आणि लेखकाच्या स्वातंत्र्यावरच्या बंधनांचा निषेध केला.

पुढच्या वर्षी, १९७६ साली, त्यांना अटक झाली. अटक झाली ती एशियाटिकमध्ये, पुस्तकांच्या सान्निध्यात. वय ६६. तिथून आर्थर रोड तुरुंग. ज्या थोरोचा त्यांनी अनुवाद केला होता तोही अन्यायी सरकारला कर द्यायचा नाही म्हणून एक रात्र कोठडीत राहिला होता. दुर्गाबाईंचा मुक्काम एका रात्रीचा नव्हता. बाहेर आल्यावर त्यांचा सूर बदलला नाही. सरकारी मानसन्मान घ्यायचे नाहीत असे त्यांनी ठरवून टाकले आणि पुढे पद्म किताब आणि ज्ञानपीठ यांनाही नकार दिला. पगाराची नोकरी नसलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाईने असे नकार देणे आपण ज्या सहजतेने वाचतो त्या सहजतेचे नसते. घरभाडे, औषधे, म्हातारपण हे प्रश्न त्यांनाही होतेच.

आणि अशा बाईंनी ‘खमंग’ लिहिले. मुद्दाम या क्रमाने सांगते आहे. तुरुंगात जाऊन आलेली, सन्मान नाकारलेली, मोठमोठे ग्रंथ लिहिलेली बाई जेव्हा चटणी-कोशिंबिरीवर, जुन्या पदार्थांवर लिहायला बसते तेव्हा ती विरंगुळा म्हणून बसलेली नसते. ‘खमंग’ हे नेहमीचे पाकपुस्तक नाही. मराठीत पाकपुस्तकांची परंपरा जुनी आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र’ १९१० चे, म्हणजे दुर्गाबाईंच्याच वयाचे. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० चे. त्यातली वाटी-चमच्याची मापे धरून आपल्यापैकी कितीतरी जणींनी संसार सुरू केले, आणि हॉस्टेलवर किंवा परदेशात राहिलेल्या आपल्या मुलग्यांनीही केले. नवख्याचा पदार्थ बिघडू नये हे त्या पुस्तकांचे काम आणि ते त्यांनी चोख केले. दुर्गाबाईंचे काम वेगळे. पदार्थाबरोबर तो करणारे माणूस, त्याचा प्रसंग, त्याची रीत आणि त्याची आठवण त्या जपतात. मापे सांगणारे पुस्तक पदार्थ कसा करायचा ते सांगते. हे पुस्तक तो कोणाचा आहे तेही सांगते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे ग्रंथालयात गेले की पुस्तकांपेक्षा आधी त्यांची वर्गवारी पाहते. बहुतेक ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत असते. तिच्यात लोकसाहित्याचा क्रमांक ३९८, समाजशास्त्राच्या घरात. पाककलेचा ६४१, तंत्रज्ञानाच्या घरात, अभियांत्रिकीच्या ६२० पासून फार लांब नाही. म्हणजे ज्या शास्त्राची पदवी मी घेतली त्याच्या एक-दोन कपाटे पलीकडे आईचे शास्त्र ठेवलेले आहे, ही गोष्ट मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नाही. आणि ‘खमंग’ कुठे ठेवायचे? ३९८ की ६४१? ग्रंथपालाला एक क्रमांक द्यावाच लागतो. दुर्गाबाईंचे आयुष्य मात्र त्या दोन कपाटांच्या मधल्या वाटेवर गेले.

आमच्या कामात एक जुने दुखणे आहे. एखादी यंत्रणा वर्षानुवर्षे उत्तम चालते, कारण ती चालवणाऱ्या एका माणसाला सगळे माहीत असते. ते कुठेही लिहिलेले नसते. मग तो माणूस निवृत्त होतो आणि एके दिवशी यंत्रणा बंद पडते. सगळे म्हणतात, अरे, हे लिहून का ठेवले नव्हते? स्वयंपाकघरात हे रोज घडते आहे, फक्त तिथे कुणी असा प्रश्न विचारत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या ग्रुपवर कुणाची आई गेल्याची बातमी आली की सांत्वनाचे निरोप येतात, आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्याच मित्राचा किंवा मैत्रिणीचा प्रश्न येतो की आईसारखे अमुक कसे करायचे कुणाला माहीत आहे का. बऱ्याचदा कुणालाच माहीत नसते.

भिवंडीच्या बाबतीत हे जास्त लागते. बाहेरच्या माणसाला भिवंडी म्हटले की दोनच गोष्टी आठवतात, माग आणि दंगल. १९७० आणि १९८४ ही साले गावाच्या नावाला चिकटलेली आहेत. गोदामे आता तिसरी ओळख झाली. पण आपण ज्या गावात वाढलो त्याचा खरा दस्तऐवज मधल्या सुट्टीत बाकावर उघडत होता. खाडीकाठच्या आगरी मुलांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. संक्रांतीनंतर पद्मानगरच्या मुलांकडे सकिनालु, तांदळाच्या पिठात तीळ घालून हाताने वळलेली ती कडी, जिचे नाव आपल्यातल्या अर्ध्यांना धड घेता येत नसे. ईद झाली की डब्यातून येणारा शीरखुर्मा. कुणाकडे वालाचे बिरडे, कुणाकडे नुसती चटणी-चपाती, कारण वडिलांचा माग त्या आठवड्यात बंद होता. तेलंगणातून, उत्तर प्रदेशातून, कोकणातून, देशावरून माणसे मागाच्या आवाजामागे या गावात आली आणि चुली बरोबर घेऊन आली. या गावावर लेख, अहवाल, बातम्या खूप लिहून झाल्या. या गावात काय शिजत होते आणि ते कोण शिजवत होते, हे एका ठिकाणी लिहिलेले मी पाहिलेले नाही. ते लिहिले गेले नाही तर आपल्या मुलांच्या हाती माग आणि दंगल एवढेच उरेल.

आपल्या ग्रुपवर ओळख करून देताना मुलांनी हुद्दे लिहिले. काही मुलींनी एवढेच लिहिले की मी काही करत नाही, घरीच असते. वर्गात त्यातल्या दोघी-तिघी माझ्यापेक्षा हुशार होत्या, हे बाईंनाही आठवत असेल. तीस वर्षे रोज दोन वेळा चार-सहा माणसांचे अन्न, प्रत्येकाची पथ्ये, प्रत्येक सणाची रीत आणि महिन्याचा हिशेब हे सगळे ज्या डोक्यात राहते त्या डोक्याला काहीच येत नाही असे आपण कसे म्हणतो? दुर्गाबाई गोंडांच्या वस्तीवर गेल्या तेव्हा तिथल्या बायकांकडे पदव्या नव्हत्या. तरी त्या विद्यार्थिनी म्हणून त्यांच्यासमोर बसल्या. त्या बसण्याची किंमत त्यांनी सहा वर्षे दिली आणि तरीही आयुष्याच्या शेवटापर्यंत अशा बायकांच्या ज्ञानावरचा त्यांचा विश्वास उडाला नाही. ७ मे २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय ९२.

हल्ली मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत पाकपुस्तके लिहिणाऱ्यांच्या गप्पांचे कार्यक्रम होतात. लेखिका येते, वाचते, लोक प्रश्न विचारतात, शेवटी चव घ्यायला काहीतरी असते. आपल्या गावालाही वाचनालयाची जुनी परंपरा आहे. मी संयोजकांना एक सुचवले आणि त्यांनी ते मान्य केले आहे. संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी एक जाड वही ठेवलेली असेल. प्रत्येकाने आपल्या घरातला एकच पदार्थ त्यात लिहायचा आहे. मराठी, तेलुगू, उर्दू, ज्या भाषेत तो घरात सांगितला गेला त्या भाषेत लिहिलात तरी चालेल. माप अंदाजाचे असेल तर अंदाजच लिहा. पण पदार्थ कोणाकडून शिकलात, त्या बाई मूळ कुठल्या गावच्या, तो कधी आणि कोणासाठी करत, हे लिहायला विसरू नका. वही भरली की तिच्या दोन प्रती काढू, एक शाळेच्या ग्रंथालयाला देऊ आणि एक गावातल्या वाचनालयाला. ग्रंथपाल तिला कुठला क्रमांक देतील ते त्यांनी ठरवावे.

ज्यांच्या आया आहेत त्यांनी येण्याआधी एक फोन करून विचारून घ्या. आणि वहीत त्यांचे नाव लिहाल तेव्हा अमक्याची आई असे न लिहिता त्यांचे स्वतःचे पूर्ण नाव लिहा.